वीज गेल्यावर टीव्ही आणि राउटर किती वेळ चालतील?

प्रश्न: टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि राउटर मिळून सुमारे १२५ वॅट भार आहे, १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीवर तो किती वेळ चालेल?

उत्तर १: कागदावर ही क्षमता १८०० वॅट-तास असली, तरी बॅटरीचे आयुष्य टिकवण्यासाठी तिचा निम्माच भाग वापरावा आणि इन्व्हर्टरमधील घट धरता सुमारे सहा तास गृहीत धरावेत. बॅटरी जुनी असल्यास अर्थातच कमी.

उत्तर २: वीज जाताच सेट-टॉप बॉक्स पुन्हा सुरू होत असेल, तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवावा, कारण त्यात मुख्य विजेवरून बॅटरीवर जाण्याचा कालावधी बराच कमी असतो. स्पीकरमधून गुणगुण येत असेल, तर ती मात्र बहुधा इन्व्हर्टरच्या स्क्वेअर वेव्हमुळे, म्हणजे चौकोनी लहरीच्या विजेमुळे येते. त्यासाठी साइन वेव्ह, म्हणजे मुख्य विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा इन्व्हर्टरच हवा.

प्रश्नकर्ता: गुणगुण येतेच, आभारी आहे.