मदत हवी आहे: कोल्ट रिव्हॉल्व्हरचे तिन्ही नंबर वेगळे, तरी अस्सल ‘आर्टिलरी’ (लष्कराने नळी आखूड केलेलं मॉडेल) असेल का?

नमस्कार मंडळी. मी कनेक्टिकटमध्ये हार्टफर्डजवळ राहतो, म्हणजे बंदुका बनवणाऱ्या कोल्ट कंपनीच्या गावाशेजारीच. शेजारचे आजोबा गेले. त्यांच्या कपाटात फलालीनमध्ये गुंडाळलेलं एक जुनं रिव्हॉल्व्हर निघालं आणि आजींनी मला बोलावलं. आधी जाणकाराकडून ते रिकामं असल्याची खात्री करून घेतली.

कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी, .45. घोडा हळूहळू मागे ओढला की त्या चार टिकटिक ऐकू येतात. अंगावर काटा आला. फ्रेमवर डाव्या बाजूला 1871, 1872 आणि 1875 च्या पेटंट तारखा, शेजारी अमेरिकी सरकारी मालाची ‘यू. एस.’ ही खूण. सिलिंडरचा दांडा पुढून बसवलेल्या तिरक्या स्क्रूने धरलाय, म्हणजे बंदुकीत काळी दारू (जुनी, धूर करणारी) वापरायच्या काळातली फ्रेम. नळी साडेपाच इंची. अक्रोडाच्या मुठीवर झिजलेला शिक्का आहे, भिंगातून ‘आर. ए. सी.’ वाचता येतं.

अडचण अनुक्रमांकांची, म्हणजे कारखान्याने भागांवर कोरलेल्या नंबरांची. फ्रेम, ट्रिगर गार्ड आणि मुठीची मागची पट्टी, तिन्हीकडे वेगळे. एका विक्रेत्याने बघताक्षणी “जोडजंतर आहे” म्हणून किरकोळ भाव सांगितला, वर पॉलिश करून नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) करून देतो म्हणाला. आजींचा चेहरा पडला.

मला हे पटत नाही. अमेरिकी लष्कराने 1873 ते 1891 दरम्यान सुमारे 37,000 नग घेतले, ते साडेसात इंची नळीचे. पुढे 1895 पासून बरेचसे परत बोलावून नळ्या कापून साडेपाच इंचांवर आणल्या; हेच ‘आर्टिलरी’. तेव्हा सगळे भाग सुटे करून मिळेल तसे जोडले, नंबर जुळवत बसले नाहीत. रिनाल्डो कार हे त्या कामाचे तपासनीस, आर. ए. सी. म्हणजे तेच. मग इथे नंबर न जुळणं हा दोष कसा? उलट सगळे जुळले असते तर मी बिचकलो असतो.

आता नेमकं विचारतो. नळीवरचा हार्टफर्डचा पत्ता मधोमध नाही, पुढच्या टोकाकडे सरकलेला दिसतो. नळी खरोखर कापलेली असल्याची ही खूण पुरेशी आहे का? ‘यू. एस.’चा शिक्का मागाहून मारलेला नाही हे कसं ओळखायचं? आणि कोल्टकडून कारखान्याच्या जुन्या नोंदींचं पत्र मागवायचं तर फ्रेमचाच नंबर द्यायचा ना?

आजींना रविवारपर्यंत विक्रेत्याला उत्तर द्यायचंय. तोवर पुसूसुद्धा नका, असं त्यांना सांगून आलोय. आणखी कुठल्या भागाचे फोटो हवेत ते सांगा, आज संध्याकाळीच काढून आणतो.