दीर्घकाळचा ताण मेंदू बदलतो. मग मनोविकारांचे मूळ परिस्थितीत शोधावे की मेंदूत?

धागालेखक

ब्रूस मॅक्युअन या मेंदूशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अर्धशतकाहून अधिक काळ ताण आणि मेंदू यांच्या संबंधांवर काम केले. २०२० च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. त्यांचे संशोधन वाचल्यावर माझे जे मत बनले आहे ते मांडतो आणि त्यावर विरोधी मतेही यावीत अशी इच्छा आहे. माझे म्हणणे असे की, नैराश्य किंवा चिंताविकार असलेला माणूस कोणत्या परिस्थितीत जगतो, हा प्रश्न त्याला कोणते औषध द्यावे या प्रश्नाइतकाच वैद्यकीय आहे.

१९६८ मध्ये मॅक्युअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिवृक्क ग्रंथी (ताणाची संप्रेरके बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरील ग्रंथी) काढून टाकलेल्या उंदरांना किरणोत्सारी खूण केलेले कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक टोचले आणि ते मेंदूत कोठे जाते हे पाहिले. ते सर्वाधिक साठले हिपोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी निगडित भागात. १९९२ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेने दाखवले की, उंदरांना रोज सहा तास याप्रमाणे २१ दिवस जखडून ठेवले, तर हिपोकॅम्पसमधील काही चेतापेशींच्या शाखा आखूड होतात. या पेशी मरत नाहीत; त्या आक्रसतात, आणि ताण थांबला की शाखा पुन्हा वाढतात. मला या साऱ्या कामातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. पुढे १९९३ मध्ये इलियट स्टेलर यांच्यासह त्यांनी ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ ही संकल्पना मांडली : संकटाच्या क्षणी शरीराला वाचवणाऱ्या यंत्रणा महिनोन्‌महिने विश्रांतीविना चालू राहिल्या, तर त्याच शरीराची झीज करतात. ज्याच्या आयुष्यात धोक्याची घंटा कधी थांबतच नाही, अशा माणसाला केवळ गोळी देऊन परत त्याच आयुष्यात पाठवणे हा अर्धवट उपचार आहे, असे मला वाटते.

प्रतिसाद १

मॅक्युअन यांच्या कामाबद्दल मलाही आदर आहे, परंतु आपण उंदरांच्या पिंजऱ्यातून माणसांच्या मनोविकारांपर्यंत जी उडी घेतली आहे ती मला मान्य नाही. आघातोत्तर ताणविकार असलेल्यांचा हिपोकॅम्पस सरासरीने लहान असतो, हे आढळल्यावर ‘आघाताने तो लहान झाला’ असाच अर्थ बहुतेकांनी लावला होता. २००२ मध्ये व्हिएतनाम युद्धातील सैनिक आणि त्यांची एकसारखी जुळी भावंडे यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या जोड्यांतील एक भाऊ लढाईत होता, दुसरा नव्हता. ज्या सैनिकांना तीव्र विकार होता, त्यांच्या युद्धावर न गेलेल्या भावाचाही हिपोकॅम्पस लहान आढळला. म्हणजे लहान हिपोकॅम्पस हा, निदान काही अंशी, आघाताचा परिणाम नसून आघाताआधीचीच दुर्बलता असू शकतो. कार्य आणि कारण यांची अदलाबदल एकदा झाली की पुढचा सारा युक्तिवाद डळमळतो.

नैराश्याच्या बाबतीत फरक आहे, पण तो किती लहान आहे हेही सांगायला हवे. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने नैराश्याचे १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी व्यक्ती यांच्या मेंदूची चित्रे एकत्र तपासली. रुग्णांचा हिपोकॅम्पस सरासरीने लहान निघाला, परंतु हा फरक इतका थोडा होता की एखाद्या व्यक्तीचे मेंदूचे चित्र पाहून तिला नैराश्य आहे की नाही हे सांगता येणार नाही. शिवाय ताणाच्या संप्रेरकांची साखळी तोडण्यासाठी जी औषधे तयार झाली, ती उंदरांमध्ये आशादायक ठरूनही नैराश्याच्या रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांत अपेक्षेला उतरली नाहीत. सिद्धान्त इतका सरळ असता तर असे झाले नसते.

प्रतिसाद २

जुळ्यांच्या अभ्यासाचा मुद्दा बिनतोड आहे, पण एक उलट पुरावा त्याच्या शेजारी ठेवायला हवा. कुशिंग विकारात रुग्णाच्या शरीरात कॉर्टिसॉल हे माणसातील ताणाचे संप्रेरक दीर्घकाळ अतिप्रमाणात तयार होते. या रुग्णांत नैराश्य फार मोठ्या प्रमाणात आढळते, आणि उपचाराने कॉर्टिसॉल खाली आल्यावर अनेकांचा हिपोकॅम्पस पुन्हा मोठा झाल्याचे मिशिगन विद्यापीठातील अभ्यासकांनी १९९९ मध्ये दाखवले. येथे रुग्णाची तुलना त्याच्याशीच, आधीची आणि नंतरची, होते. त्यामुळे जन्मजात दुर्बलतेचा प्रश्नच येत नाही.

प्रतिसाद १

कुशिंगमधील कॉर्टिसॉलची पातळी रोजच्या ताणात गाठली जाते त्याहून खूप वरची असते; तिच्यावरून नोकरीच्या किंवा घरगुती ताणाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. आणि आघातोत्तर ताणविकाराच्या अनेक रुग्णांत तर कॉर्टिसॉल नेहमीपेक्षा कमी आढळलेले आहे. आणखी एक गोष्ट : यातील बरेचसे सुरुवातीचे प्रयोग केवळ नर उंदरांवर झाले. माद्यांना तसेच जखडल्यावर हिपोकॅम्पसच्या त्याच पेशींत तोच बदल दिसला नाही. नैराश्य स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळत असताना ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

प्रतिसाद ३

मी संशोधक नाही. माझ्या धाकट्या बहिणीला अनेक वर्षे वारंवार नैराश्य येते, आणि तिच्यासोबत राहताना मला या चर्चेची दुसरी बाजू दिसते. ‘ताणाने मेंदू आक्रसतो’ हे वाक्य तिने कोठेतरी वाचले आणि त्या दिवसापासून आपले आता कधीच भरून येणार नाही असे तिने मनाशी धरले. तिच्या बरे होण्याच्या आड आजाराइतकेच हे वाक्य आले. मनोविकारांची जैविक कारणे सांगितल्याने रुग्णाला दोष देणे कमी होते, पण तो बरा होण्याबद्दलची निराशा मात्र वाढते, असे या विषयावरील अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही दिसले आहे. आपण दोघेही पुराव्यांबद्दल बोलत आहात. हा पुरावा रुग्णापर्यंत कोणत्या शब्दांत पोचतो याचाही विचार व्हावा.

धागालेखक

आपल्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटले. मूळ लेखात शाखा पुन्हा वाढतात हे मी लिहिले खरे, पण एका ओळीत. २००९ मध्ये मॅक्युअन यांच्या सहभागाने झालेल्या एका अभ्यासात, परीक्षेच्या तयारीत चार आठवडे ताणाखाली असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची लक्ष एकीकडून दुसरीकडे वळवण्याची क्षमता घटलेली दिसली आणि ताण ओसरल्यावर महिन्याभराने ती पूर्ववत झाली. हे विद्यार्थी निरोगी होते आणि संख्येने थोडे होते, हे मान्य. तरी ‘आक्रसला’ म्हणजे ‘गेला’ नव्हे, एवढे त्यातून नक्की कळते.

तथापि, सगळेच आपोआप पूर्ववत होते असेही मी म्हणणार नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले की, ज्या ताणाने हिपोकॅम्पसच्या शाखा आखूड होतात, त्याच ताणाने भीतीशी निगडित अमिग्डालातील पेशींच्या शाखा वाढतात. आणि दोन वर्षांनंतरच्या त्यांच्या प्रयोगात ही वाढ २१ दिवसांच्या विश्रांतीनंतरही टिकून होती. म्हणजे परिस्थिती बदलली तरी भीतीचा ठसा मागे राहू शकतो, आणि अशा रुग्णाला औषध व मानसोपचार लागतीलच. ‘परिस्थिती’ या शब्दावर मी दिलेला भार तेवढा कमी करतो.

पण जुळ्यांच्या अभ्यासातून प्रतिसाद १ जे काढू पाहतात, ते मला उलट दिशेने नेणारे वाटते. ज्यांचा हिपोकॅम्पस आधीपासून लहान होता, ते भाऊ युद्धावर न जाता राहिले तेव्हा त्यांना तो विकार झाला नाही. दुर्बलता दोघांतही होती; विकार घडवला युद्धाने.

प्रतिसाद १

हा युक्तिवाद मी स्वीकारतो. मात्र युद्धावर गेलेल्यांपैकी बहुसंख्यांना हा विकार झाला नाही, हेही विसरता येत नाही. त्यांच्या मेंदूत काय वेगळे होते, हे कळेपर्यंत कोणाची परिस्थिती आधी बदलायची आणि कोणाला औषध आधी द्यायचे, हे मॅक्युअन यांच्या संशोधनावरून ठरवता येईल असे मला अजूनही वाटत नाही.