मिशिगनचं ऑफेन्स: स्प्रिंगमध्ये पहिल्या फळीबरोबर अंडरवूडच हवा

नोव्हीकर

मार्च २०२५. मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची स्प्रिंग प्रॅक्टिस (वसंतातला सराव) आता तोंडावर आली आहे. एकूण १५ सत्रं, आणि १९ एप्रिलला स्प्रिंग गेम. माझं मत आधीच मांडतो. पहिल्या सत्रापासून ऑफेन्सच्या (चढाई करणाऱ्या बाजूच्या) पहिल्या फळीबरोबर क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, म्हणून नवख्या ब्राइस अंडरवूडलाच उभं करावं. 'स्पर्धा होऊ दे, ऑगस्टमध्ये बघू' हा प्रयोग गेल्या वर्षी झाला आणि त्याची किंमत आपण मोजली.

२०२३ला १५-० आणि राष्ट्रीय विजेतेपद. मग प्रमुख प्रशिक्षक हार्बॉ व्यावसायिक लीगमधल्या (एनएफएल) चार्जर्सकडे गेले, क्वार्टरबॅक मकार्थीही एनएफएलमध्ये गेला आणि नवे प्रमुख प्रशिक्षक शेरोन मूर यांच्या पहिल्या हंगामात ८ विजय, ५ पराभव. डिफेन्सने जीव तोडून खेळ केला. पण पासिंग सामन्यामागे जेमतेम १२९ यार्ड, म्हणजे देशाच्या यादीत पार तळाशी. क्वार्टरबॅक म्हणून आधी वॉरन, मग ओर्जी, मग टटल, मग पुन्हा वॉरन. यूएससीला २७-२४ हरवलं त्या दिवशी आपण पूर्ण सामन्यात ३२ यार्ड पासिंग केलं होतं. वॉरनचे हंगामभरात ७ टचडाउन पास आणि ९ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास). तो मनापासून खेळला, हंगामाअखेरच्या बोल-सामन्यात गुडघा दुखावून बसला, त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पण तीन जणांत स्नॅप (चेंडू हातात येणारे डाव) वाटले की तिघांपैकी कोणाचीच रिसीव्हरशी (पास झेलणाऱ्यांशी) लय जुळत नाही.

अंडरवूड बेलविलचा, आपल्या विद्यापीठाच्या ॲन आर्बरहून अर्ध्या तासाच्या आतला मुलगा. त्याच्या वयोगटात देशात पहिल्या क्रमांकाचा. एलएसयूला दिलेला शब्द फिरवून नोव्हेंबरमध्ये इकडे आला. ऑफेन्सचे डाव ठरवणारे किर्क कॅम्बेल गेले, त्यांच्या जागी चिप लिंडसी आले, म्हणजे प्लेबुक (डावांची वही) सगळ्यांनाच नवीन आहे. मग शिकण्याचे स्नॅप ज्याच्यासाठी हे सगळं उभं करायचं आहे त्यालाच का नकोत?

कँटनवाली

पूर्ण असहमत. 'प्लेबुक सगळ्यांनाच नवीन' हे वाक्यच चुकीचं आहे. आपला दुसरा क्वार्टरबॅक मिकी कीन २०२२ला यूसीएफ विद्यापीठात होता आणि तेव्हा तिथले ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर लिंडसीच होते. म्हणजे या संपूर्ण क्वार्टरबॅक खोलीत लिंडसींची भाषा आधीपासून बोलणारा एकच माणूस आहे. फ्रेझ्नो स्टेटच्या दोन हंगामांत मिळून त्याने साडेपाच हजारांच्या वर यार्ड टाकलेत, आणि गेल्या वर्षी १० पैकी ७ पास पोचवलेत. उंची कमी आहे, हात तोफेसारखा नाही, मान्य. पण गेल्या वर्षी आपल्याला तोफ नको होती, उघडा माणूस दिसल्यावर चेंडू वेळेवर सोडणारा हवा होता.

स्प्रिंगमध्ये कीन पहिल्या फळीबरोबर असला तर रिसीव्हरना योग्य जागी, योग्य वेळी चेंडू येतो म्हणजे काय ते कळेल. अंडरवूडने मागे उभं राहून ते पाहावं. यात त्याचा अपमान कुठे आहे?

नाशिकहून_बघतो

सामने रात्री उशिरा बघतो, पण ही प्रॅक्टिस काय भानगड आहे ते कुणी सांगेल का? हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो ना? मग मार्चमध्ये एवढा खल कशाला?

नोव्हीकर

@नाशिकहून_बघतो, चांगला प्रश्न. कॉलेजच्या संघांना वर्षभर हवा तेवढा सराव करायची परवानगी नसते. हंगामाबाहेर प्रशिक्षकांना पूर्ण संघ घेऊन मैदानावर काम करता येतं ते मुख्यतः याच १५ सत्रांत. उन्हाळ्यात मुलं बरीचशी आपापसातच खेळतात. मग ऑगस्टचा कॅम्प, आणि तो संपेपर्यंत पहिला सामना दारात. यंदा ३० ऑगस्टला न्यू मेक्सिको आणि लगेच ६ सप्टेंबरला ओक्लाहोमाच्या घरी. ओक्लाहोमाच्या नॉर्मनमधल्या गोंगाटात ज्याला सिग्नल द्यायचेत त्याची तयारी मार्चमध्येच व्हायला हवी.

आता @कँटनवाली, कीनबद्दलची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष नाही. ज्याला प्लेबुक येतं त्याला स्नॅप कमी लागतात. ज्याला येत नाही त्याला जास्त. तुमचाच मुद्दा माझ्या बाजूने जातो.

जुना_वुल्व्हरिन

इथे इतिहास विसरून चालणार नाही. मिशिगनने पहिल्याच वर्षाच्या मुलाला क्वार्टरबॅक केल्याची दोन उदाहरणं शेजारी ठेवा.

२००४, चॅड हेनी. क्वार्टरबॅक गुटिएरेझचा खांदा दुखावला म्हणून नाइलाजाने उतरला. संघ ९-३, आपल्या लीगमध्ये, म्हणजे बिग टेनमध्ये, संयुक्त विजेता, रोझ बोलमध्ये टेक्सासकडून एका गुणाने हार. पण त्याच्यासमोर कोण होतं? ब्रेलन एडवर्ड्स, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम रिसीव्हर. चेंडू मागे देणारा सेंटर डेव्हिड बास, देशातल्या सर्वोत्तम सेंटरचा पुरस्कार विभागून घेतलेला. शिवाय माइक हार्टची धाव. हेनीने चेंडू जरा वर टाकला तरी एडवर्ड्स तो हवेत जाऊन आणायचा.

२००९, टेट फोर्सियर. पहिले चार सामने जिंकले, नोत्र दामला हरवलं, ॲन आर्बरमध्ये सगळे हवेत. शेवट ५-७. आजूबाजूला संघच नव्हता.

आपलं २०२५ यातल्या कुठल्या वर्षाच्या जवळ आहे? टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून झेलही घेणारा) कोल्स्टन लव्हलंडने ५६ झेल घेतले आणि तो एनएफएलकडे निघाला. त्याला वगळलं तर गेल्या हंगामात आपल्या एकाही वाइड रिसीव्हरला ३०० यार्डसुद्धा गाठता आले नाहीत. इंडियानाहून डॉनावन मकली आलाय, उंच आहे, २०२३ला सहाशेच्या वर यार्ड केले होते, पण गेल्या वर्षी फारसा मैदानात दिसलाच नाही. मला तरी २००९ जवळचं वाटतं आणि म्हणून भीती वाटते.

तिसरं उदाहरणही आहे. मकार्थीसुद्धा भरतीच्या वेळी पंचतारांकित (सर्वोच्च दर्जाचा) होता. २०२१ला तो मॅकनमाराच्या मागे थांबला, मधूनमधून उतरला, संघाने ओहायो स्टेटला ४२-२७ हरवलं आणि बिग टेन जिंकली. पुढच्या वर्षी जागा त्याची झाली, आणि त्यानंतरच्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद.

ट्रॉयकर

नोव्हीकरांना पाठिंबा. सचिनला १६व्या वर्षी कराचीत इम्रान, अक्रम, वकारसमोर उभं केलं तेव्हा 'अजून दोन वर्षं रणजी खेळू दे' म्हणणारे असतीलच ना? गुणवत्ता असेल तर मैदानच शिकवतं. ट्रेव्हर लॉरेन्सचंच घ्या. २०१८ला क्लेम्सनने चार सामन्यांनंतर अनुभवी माणसाला बाजूला करून त्याला पुढे आणलं आणि १५-० केलं.

तिसरा_डाउन

@ट्रॉयकर, ही तुलना मला पटत नाही. फलंदाजाच्या हातात स्वतःची बॅट असते. क्वार्टरबॅकचं रक्षण पुढचे पाच जण, म्हणजे लाइन, करतात. त्यातला एक चुकला की १८ वर्षांचा मुलगा पाठीवर आपटतो, आणि चार-पाचदा आपटला की पुढच्या वेळी नजर रिसीव्हरऐवजी अंगावर येणाऱ्या माणसाकडे जाते. ती सवय एकदा लागली की सोडवणं फार कठीण.

मला वाटतं, तुम्ही सगळे चुकीच्या जागेवर भांडताय. डावा टॅकल मायल्स हिंटन गेला, त्याच्या शेजारचा गार्ड जॉश प्रीब गेला. म्हणजे उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची न दिसणारी बाजू पूर्ण रिकामी. लिंक, क्रिपन, एल-हादी आहेत, पण गेल्या वर्षी ही लाइन २०२१ आणि २०२२ला जो मूर पुरस्कार (देशातल्या सर्वोत्तम लाइनचा) मिळवणाऱ्या लाइनच्या जवळपासही नव्हती. कॅन्ससचा बबलोला नव्या तुकडीत आहे, गुणी आहे, पण तोही नवखाच. नवखा टॅकल आणि नवखा क्वार्टरबॅक एकत्र नॉर्मनला नेणार का?

स्प्रिंगमधलं पहिलं काम डावा टॅकल ठरवणं. लाइनचे प्रशिक्षक ग्रँट न्यूसम यांनी १५ सत्रांत तेवढं केलं तरी मी समाधानी असेन. मूर स्वतः ओक्लाहोमाच्या लाइनमध्ये खेळलेत, त्यांना हे सांगायला नको.

धाव_घ्या_रे

पासिंगवर एवढा जीव कशाला? ३० नोव्हेंबरला कोलंबसमध्ये, ओहायो स्टेटच्या घरी, वॉरनने ६२ यार्ड टाकले, दोन इंटरसेप्शन दिले, लव्हलंड तर खेळलाही नाही. तरी आपण १३-१० जिंकलो. मलिंग्सने धावून ११६ यार्ड काढले. हरलेला तो ओहायो स्टेट पुढे जानेवारीत राष्ट्रीय विजेता झाला! २०२३ला पेन स्टेटमध्ये मूर हंगामी प्रमुख होते तेव्हा शेवटचे सलग ३२ प्ले धावेचे होते, आणि समोरच्यांना माहीत असूनही थांबवता आले नाहीत.

अलाबामाहून चेंडू घेऊन धावणारा जस्टिस हेन्स आलाय. जॉर्डन मार्शलने बोल-सामन्यात त्याच अलाबामाविरुद्ध १०० यार्ड काढले. लिंडसींच्या हाताखाली नॉर्थ कॅरोलायनात ओमॅरियन हॅम्प्टनने सलग दोन वर्षं दीड हजाराच्या वर यार्ड केले. हेन्स आणि मार्शलला चेंडू द्या, क्वार्टरबॅक कोणीही असो.

कँटनवाली

@धाव_घ्या_रे, कोलंबसचा तो विजय माझ्याही काळजाजवळ आहे, पण त्यावर हंगाम उभा करता येत नाही. इलिनॉयकडून २१-७, इंडियानाकडून २०-१५. या दोन्ही दिवशी समोरच्यांनी माणसं पुढे आणून ठेवली आणि 'टाका बघू पास' म्हणाले. आपल्याला टाकता आला नाही. डिफेन्सने इंडियानाला २० गुणांवर रोखलं आणि तरी आपण हरलो. त्या मुलांचं मला वाईट वाटतं. मेसन ग्रॅहम, केनेथ ग्रँट, विल जॉन्सन, एवढी माणसं एका हंगामात पुन्हा मिळत नाहीत आणि आता तिघेही गेले. यंदा १३-१०ने जिंकायची सोय राहिलेली नाही.

हॅम्प्टनचं म्हणाल तर २०२३ला त्याच्यासोबत क्वार्टरबॅक ड्रेक मे होता. मेच्या हाताची धास्ती असल्याने डिफेन्सला मागे राहावं लागायचं. धावेला वाट पासिंगच करून देतं.

नोव्हीकर

@कँटनवाली, हाच मुद्दा अंडरवूडसाठी आहे! खोल पासची धास्ती कीनमुळे बसणार नाही.

@जुना_वुल्व्हरिन, मकार्थीचं उदाहरण सगळ्यात वजनदार आहे आणि त्यावर मी विचार केला. पण २०२१ला मॅकनमारासमोर जो मूर पुरस्काराची लाइन होती, हॅस्किन्स आणि कोरमसारखे धावणारे होते. तिथे थांबण्याची चैन परवडत होती. यंदा ती नाही.

@तिसरा_डाउन, टॅकलचं शंभर टक्के मान्य. म्हणूनच तर म्हणतो, नव्या लाइनला नव्या क्वार्टरबॅकचा आवाज, त्याची लय, पॉकेटमध्ये (लाइनच्या आडोशात) तो कुठे उभा राहतो हे आत्ताच कळू दे. मार्चमध्ये क्वार्टरबॅकला कुणी आपटत नाही, त्याची वेगळ्या रंगाची जर्सी असते. चुका करायला याहून सुरक्षित जागा त्याला पुन्हा मिळणार नाही.

जुना_वुल्व्हरिन

जर्सीचा मुद्दा पटला, पण तोच उलटाही आहे. ज्याला कुणी हात लावत नाही तो मार्चमध्ये चांगलाच दिसतो. स्प्रिंग गेममध्ये तो दोन लांब पास टाकेल, सगळे वेडे होतील आणि सप्टेंबरपर्यंत त्याला मागे ठेवणं मूर यांना अशक्य होईल. गेल्या वर्षी नेब्रास्काने क्वार्टरबॅक रायोलाला पहिल्याच वर्षी पूर्ण हंगाम खेळवला. १३ टचडाउन, ११ इंटरसेप्शन, ७-६. मुलगा वाईट नाही, पण नोव्हेंबरपर्यंत दमलेला दिसत होता.

माझं म्हणणं एवढंच: पहिली पाच-सहा सत्रं कीन, म्हणजे मकली आणि सेमाज मॉर्गन या रिसीव्हरना रूट (धावण्याच्या ठरलेल्या वाटा) नीट बसवता येतील. त्यानंतर तिसऱ्या डाउनचे (अटीतटीच्या प्रयत्नाचे) आणि रेड झोनचे (गोलरेषेजवळचे) स्नॅप अंडरवूडला, समोर पूर्ण ताकदीचा डिफेन्स. डिफेन्सचे प्रशिक्षक विंक मार्टिनडेल यांना सांगा, हवे तेवढे ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसांचे हल्ले) पाठवा. तिथे तो टिकला तर नॉर्मनला त्याला घेऊन जायला माझी हरकत नाही.

नोव्हीकर

ब्लिट्झवाला भाग मान्य, पाच-सहा सत्रं मान्य नाहीत. १५ पैकी सहा म्हणजे जवळजवळ निम्मी. दोन द्यायला तयार आहे.