डीओ (ड्रॉपआउट फ्यूज) एकेक करून उघडताना दोन फेजचे व्होल्टेज वाढले, हा दोष केबलचा की ट्रान्सफॉर्मरचा?

प्रश्न: सावदेकर (रावेर तालुका)

आमच्या केळी पिकवण केंद्रासाठी ११ केव्ही/४३३ व्होल्टचा २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. रस्त्याकडेच्या डीपीपासून (११ केव्हीच्या तारा उतरतात तो दोन खांबांचा सांगाडा) तो सुमारे ३०० मीटर आत असल्यामुळे मधले अंतर भूमिगत एक्सएलपीई केबलने जोडलेले आहे. मागच्या महिन्यात दुरुस्तीसाठी पुरवठा बंद करायचा होता. एबी स्विचचा (तिन्ही फेज एकदम तोडणारा खांबावरचा स्विच) दांडा गंजून अडकलेला असल्याने लाइनमनने काठीने डीओ एकेक करून पाडायला घेतले. चिलर आणि पंखे आम्ही आधीच बंद केले होते, फक्त कार्यालयातले दिवे चालू होते.

बी फेजचा डीओ पडला आणि ट्रान्सफॉर्मरमधून पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येऊ लागला. लाइनमन घाबरून थांबला. मी मल्टिमीटर लावला तेव्हा आर फेजवर २४० व्होल्ट स्थिर होते, पण वाय आणि बी या दोन्ही फेजवर ३४० च्या आसपास आकडा दिसत होता. तीन-चार मिनिटांत ट्रान्सफॉर्मरजवळचा बी फेजचा लाइटनिंग अरेस्टर (जादा व्होल्टेजची लाट जमिनीत सोडणारे उपकरण) फुटला आणि बरेचसे दिवेही गेले. केबल आणि ट्रान्सफॉर्मर या दोहोंची मेगर (इन्सुलेशनची) तपासणी नंतर चांगली आली. तरीही केबलवाला वाइंडिंगकडे बोट दाखवतो आणि ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारा केबलच्या जॉइंटकडे. फेज गेल्यावर व्होल्टेज कमी व्हायला हवे, ते वाढले कसे?

उत्तर: धुळ्याचा वायरमन

भाऊ, मला तर हा न्यूट्रल सुटल्याचा प्रकार वाटतो. न्यूट्रल तुटला की कमी भाराच्या फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज जाते आणि दिवे, पंखे, टीव्ही सगळे जळते. आमच्याकडे हे नेहमीचेच आहे. आधी न्यूट्रलचा लग आणि अर्थिंग पाहून घ्या.

उत्तर: भुसावळचे निवृत्त उपकेंद्रवाले

न्यूट्रल तपासून घ्यावा हे योग्यच, परंतु न्यूट्रल सुटल्याने ११ केव्ही बाजूचा अरेस्टर फुटत नाही आणि ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभाही असा खडखडत नाही. ही फेरोरेझोनन्सची लक्षणे आहेत. हे नाव फ्रेंच अभियंता बूशेरो यांनी १९२० मध्ये वापरले, म्हणजे प्रकार शंभर वर्षांहून जुना आहे. आपल्या भागात बहुतेक डीपी उघड्या तारांवर असल्यामुळे तो फारसा कोणाच्या वाट्याला आलेला नाही, एवढेच.

शेतातल्या डीपीचा एक डीओ उडाला की एक फेज पूर्ण राहतो, उरलेले दोन निम्म्यावर येतात आणि विहिरीवरची मोटर नुसती घुंईं करत बसते. खानदेशातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे ठाऊक असते आणि ‘फेज गेला म्हणजे व्होल्टेज पडले’ हा आपला समज तिथूनच आलेला आहे. केबलवर मात्र हा समज उलटा पडतो. केबलमधला प्रत्येक वाहक जमिनीसापेक्ष एक कपॅसिटर असतो आणि त्याची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) तेवढ्याच लांबीच्या उघड्या तारेच्या पन्नासएक पट असते. बी फेज सुटल्यावर त्याचे टोक पुरवठ्यापासून तुटले, पण आर आणि वाय फेजमधून निघणारा प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या ११ केव्ही बाजूच्या डेल्टा (त्रिकोणी) जोडणीतल्या दोन वाइंडिंगमधून त्या टोकापर्यंत आणि तिथून केबलच्या धारितेतून जमिनीत जात राहिला. लोखंडी गाभ्यावरच्या वाइंडिंगचे इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण) आणि ही धारिता अशी मालिकेत आली की गाभा संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व घेत नाही), त्याचे इंडक्टन्स घसरत धारितेशी जुळते आणि उघड्या टोकाचे व्होल्टेज उसळी मारते.

आपले आकडेही हेच सांगतात. डीवायएन-११ (११ केव्ही बाजू डेल्टा, ४३३ व्होल्ट बाजू स्टार) जोडणीत एलटीचा (कमी दाबाच्या बाजूचा) आर फेज हा आर-वाय मधल्या वाइंडिंगवर अवलंबून असतो. ते शाबूत होते म्हणून तिथे २४० राहिले, आणि बी टोकाला जोडलेली उरलेली दोन वाइंडिंग चढली. ३४० हा आकडा खरा धरला (तरंग विकृत असताना साधा मल्टिमीटर चुकतो, हे लक्षात असू द्यावे), तर त्या टोकावर जमिनीसापेक्ष ६.३५ ऐवजी ११ केव्हीहून अधिक व्होल्टेज असावे. ९ केव्हीचा अरेस्टर क्षणभराची लाट जिरवतो. मिनिटामिनिटांचा असा ताण त्याला तापवून फोडतो. म्हणून केबलवाला आणि दुरुस्तीवाला, दोघांनाही दोष देऊ नये.

उत्तर: जळगाव एमआयडीसीतील पर्यवेक्षक

भुसावळच्या नानांच्या वरच्या म्हणण्याला हिशेबाची जोड देतो. ११ केव्हीच्या ९५ चौरस मिलिमीटर एक्सएलपीई केबलची धारिता किलोमीटरला साधारण ०.२८ मायक्रोफॅरड धरली, तर ३०० मीटरचा चार्जिंग प्रवाह फेजमागे ०.१७ अँपिअर येतो. २०० केव्हीए ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा प्रवाह १०.५ अँपिअर, आणि त्याच्या एक टक्का धरला तर बिनभाराचा ०.१. केबलचा प्रवाह असा वरचढ असला की धोका उभा राहतो. ट्रान्सफॉर्मर जितका कमी तोट्याचा, तितका तो अधिक हळवा, कारण उसळी दाबायला आतला रोध कमी पडतो.

उपाय म्हणाल तर सर्वप्रथम एबी स्विच दुरुस्त करून घ्या, म्हणजे तिन्ही फेज एकदम सुटतील. खर्च झेपत असेल तर ट्रान्सफॉर्मरशेजारी आरएमयू (रिंग मेन युनिट, तिन्ही फेज एकदम जोडणारा-तोडणारा बंदिस्त स्विच) बसवा. मग आधी केबल चार्ज करायची आणि नंतर ट्रान्सफॉर्मर घ्यायचा. डीओ एकेक करून पाडणे अटळच असेल, तर एलटीवर दहा-वीस किलोवॉटचे हीटर चालू ठेवावेत. चिलरची मोटर मात्र भार म्हणून कधीही ठेवू नये, कारण उसळी दबल्यावर दोन फेज निम्म्यावर येतील आणि मोटर जळेल. एलटीचा कपॅसिटर पॅनलही आधी बंद करावा.

सावदेकर

न्यूट्रलचा लग उघडून पाहिला, तो घट्ट आहे. कपॅसिटर पॅनल त्या दिवशी चालूच राहिला होता, हे आपण लिहिल्यावर ध्यानात आले. एबी स्विचच्या दुरुस्तीचा अर्ज आज दिला आहे आणि ते काम होईपर्यंत डीओला हात लावू देणार नाही. मात्र एक शंका उरते: चालू असताना एखादा डीओ आपोआप उडाला तर?

भुसावळचे निवृत्त उपकेंद्रवाले

दिवसा भार असताना उसळी बहुधा येणार नाही, तेव्हा मोटरींसाठी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर बंद करणारे उपकरण) पुरेसा आहे. परंतु तो मोटरी तोडेल आणि ट्रान्सफॉर्मर पुन्हा बिनभाराचा होईल. त्यामुळे रात्रपाळीच्या माणसाला तो खडखडाट कसा असतो ते सांगून ठेवा. आवाज आला की त्याने डीपीकडे धावू नये, एलटीवरचे हीटर चालू करावेत आणि उपकेंद्राला फोन करून फीडर बंद करून घ्यावा.