पूर ओसरला की शाळा भरते, पण पोरांचं राहिलेलं कोण शिकवणार?

पंचगंगाकाठ
जुलै लागला की आपल्याकडं कोल्हापुरात सगळ्यांच्या तोंडात एकच, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं. 39 ला इशारा, 43 ला धोका. 2019 ला 55 च्या वर गेलं, 2021 ला 56 च्या. पाणी उतरलं की पंचनामे चालू, भिंती किती पडल्या, जनावरं किती गेली, ऊस किती कुजला. शाळेचं विचारलं तर बाकं आणि रंगरंगोटी. पोरांचं शिकायचं किती राहिलं ह्याचा पंचनामा कोण करत नाही, आणि तो व्हायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

उगाच बोलत नाही. 8 ऑक्टोबर 2005 ला पाकव्याप्त काश्मीर आणि शेजारच्या भागात मोठा भूकंप झाला. चार वर्षांनी ताहीर अंद्राबी, जिष्णू दास आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी तिथं घरोघर पाहणी केली. मदत पोचलेली, घरं उभी राहिलेली, भूकंपाच्या भेगेजवळचं गाव आणि लांबचं गाव ह्यांच्या सांपत्तिक स्थितीत फरक दिसेना. पण पोरांच्या चाचण्या घेतल्या तर जवळच्या गावातली पोरं साधारण दीड इयत्ता मागं! शाळा बंद होत्या सरासरी 14 आठवडे. मग दीड वर्ष कुठनं आलं? एक कारण असं मांडतात की शाळा चालू झाली, पुस्तक पुढं गेलं, पोरगं मागंच राहिलं, आणि ते अंतर कुणी भरून काढलंच नाही.

शिरोळचा गडी
भावा, एवढं मनावर घेण्यासारखं काय नाही. 2005 ला पण पूर आलता, आम्ही तवा शाळंतच होतो, बरेच दिवस शाळा नव्हती, शिकलोच की, नोकऱ्या पण लागल्या. इथं घर पडलंय, म्हशी पाहुण्यांच्या गोठ्यात बांधल्यात, ऊस गेलाय आणि तुम्ही पोराची चाचणी घ्या म्हणालाय. आधी घर, मग गणित. बाप उभा राहिला की पोरगं आपोआप उभं राहतंय.

पंचगंगाकाठ
बाप उभा राहिला की पोरगं राहतंय हेच तर त्या पाहणीत खोटं ठरलं ना. बाप उभा राहिलेला, पोरगं नाही. आणि तुमच्या वर्गातले जे शिकले ते आज बोलतात, जे नववीतनं सुटून शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला गेले त्यांना कुणी विचारलं?

खडू_फळा
मी करवीर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पंचनाम्याची कल्पना चांगली, पण शाळा भरल्याबरोबर चाचणी नको, ह्याला माझा ठाम विरोध आहे. 2019 ला पाणी उतरल्यावर आमच्या शाळेत फळ्याच्या वरपर्यंत चिखलाची रेघ होती, पोषण आहाराच्या तांदळाची पोती कुजून वास मारत होती. पुस्तकं उन्हात वाळवली तर पानं एकमेकाला चिकटलेली, सोडवायला गेलं की अक्षरं दुसऱ्या पानावर उमटायची. तिसरीतली एक पोरगी पुढं कित्येक महिने जरा पाऊस वाढला की दप्तर उचलून खिडकीत ठेवायची, कुणी सांगितलं नव्हतं तिला. त्या पोरीला त्या आठवड्यात पाढे विचारून काय कळणार होतं? आधी तिला बोलतं करायला लागतं, खेळू द्यायला लागतं, रोज ठरल्या वेळेला घंटा वाजली पाहिजे, बाई तीच पाहिजे. नेमकं तेच होत नाही कारण आम्ही मदतीच्या ड्युटीवर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकाला इतर कामाला लावू नये म्हटलंय, पण जनगणना आणि निवडणुकीबरोबर आपत्ती निवारण त्यातनं वगळलंय. म्हणजे पोरांना बाई सगळ्यात जास्त लागतात तेव्हाच बाई याद्या करत बसतात.

आणि 2021 चं कुणी धरतच नाही. कोरोनानं वर्ग आधीच बंद, मोबाईलवर जे काय चाललं होतं ते पण पुरात गेलं.

रंकाळ्यावरचा
मूळ दुखणं जागेचं आहे, तुम्ही मलमपट्टीवर भांडताय. शाळा वर न्या, गाव वर न्या. अमेरिकेत 2005 च्या कतरीना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सची पोरं दुसरीकडच्या शाळांत गेली, पहिल्या वर्षी मार्क घसरले, पण तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत भरून निघाले आणि पुढं गेले, कारण नवीन शाळा जुन्यापेक्षा बऱ्या होत्या. आपल्याकडं पण 1993 च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं लातूर भागातली सुमारे 1200 पोरं पुण्याला शिकायला नेलीच होती.

प्रयाग_संगम
आमच्या नदीकाठच्या चिखलीला 1989 च्या पुरानंतर वर सोनतळीला जागा दिल्यात, तरी माणसं खाली का राहतात बघा जरा येऊन. रान खाली, गोठा खाली, दूध घालायचं खाली. शाळा एकटी वर नेऊन बारकी पोरं रोज कोण सोडणार? पोरांना आईबापापासनं तोडून हॉस्टेलात घालणं हा तर मला शेवटचा उपाय वाटतो.

पंचगंगाकाठ
बाईंचं पटतंय, चाचणी पहिल्या आठवड्यात नको, दिवाळीनंतर घ्या. पण घ्या. त्याच भूकंपाच्या पाहणीतली एक गोष्ट वर लिहायची राहिली. ज्यांची आई निदान प्राथमिक शाळा पूर्ण शिकलेली होती, त्या पोरांत ही पिछाडी दिसलीच नाही. म्हणजे घरात कुणी शेजारी बसून राहिलेलं शिकवलं तर पोरगं सावरतंय. ज्याच्या घरी असं कोण नाही त्याच्या शेजारी गावानं, सरकारनं कुणीतरी बसवलं पाहिजे, आणि मागच्या इयत्तेचं जिथं अडलंय तिथनं सुरू केलं पाहिजे.

शिरोळचा गडी
चाचणीला माझा विरोध कायम. पण शेजारी बसवायचं म्हणत असाल तर गावात डीएड होऊन घरी बसलेल्या पोरी हायत, त्यांना मानधन द्या, देवळात नायतर तालमीत वर्ग भरवा, आणि ते पैसे घरपडीच्या मदतीतनं वळते करू नका.