परिवहनाकडून कागद काढताना : तुमचे अनुभव

ठाणे-नवी मुंबईत बस, लोकल, मेट्रो सगळं आहे आणि सगळ्यांबद्दल कुरकुरही आहे. पण थांब्यावर उभं राहून बडबडणं वेगळं आणि त्यांच्याच दप्तरातला कागद पुढे ठेवून बोलणं वेगळं. माहिती अधिकारात कोणी परिवहनाचे कागद मागितले असतील तर लिहा. काय मागितलं, कुठल्या शब्दांत मागितलं आणि हाती काय आलं? नोंदीच्या वर आपलं ठिकाण तेवढं टाका. सुरुवात मीच करते.

कासारवडवली

आमच्या थांब्यावरची रात्रीची शेवटची बस अधूनमधून गायब व्हायची. ‘बस का येत नाही’ असं अर्जात विचारायचं मी मुद्दाम टाळलं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात सांगून टाकलंय की जे दप्तरी आहे ते द्यायचं; कारणं शोधून किंवा मत बनवून द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. म्हणून ‘का’ला ‘तांत्रिक कारणास्तव’ असं उत्तर आलं की संपलं. मी मागितली त्या मार्गाच्या शेवटच्या फेरीची एका महिन्याची वे-बिलं आणि लॉगशीट, म्हणजे वाहकाचे आणि चालकाचे फेरीचे कागद. तीही झेरॉक्स नाही, पाहणीसाठी. कायद्यात अभिलेख बघायचा, टिपणं काढायचा हक्क आहे, तो फार कमी लोक वापरतात.

डेपोत एका कोपऱ्यातल्या टेबलावर सुतळीने बांधलेला गठ्ठा आणून ठेवला. क्लार्क मॅडम भल्या होत्या, पंख्याखाली बसा म्हणाल्या. गाडी सुटली नाही त्या रात्री फेरीच्या रकान्यावर तिरपी रेघ आणि बाजूला निळ्या पेनाने ‘चालक नाही’. बिघाड क्वचितच. आम्ही इतके दिवस जुन्या गाड्यांच्या नावाने खडे फोडत होतो! हवी तेवढीच पानं निवडली, दोन रुपये पानाने प्रती घेतल्या. सोसायट्यांचं पत्र मग ‘नवीन गाडी द्या’ऐवजी ‘रात्रपाळीला राखीव चालक ठेवा’ असं गेलं.

कळवा (निवृत्त वाहक)

ताई, बरोबर जागी हात घातलात. लोक ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहितात, मग आमचा बाबू काय देणार? कुठला कागद कुठे असतो ते सांगतो. वे-बिलावर तिकिटं आणि रोकड, ते वाहकाचं. लॉगशीट चालकाचं, त्यात डेपोतून सुटल्याची वेळ आणि किलोमीटर. पण बस थांब्यावर खरंच कधी लागली हे बघायचं तर स्टँडवरच्या चौकीतलं कंट्रोलरचं रजिस्टर मागा. तिथे गाडी नंबर आणि वेळ हाताने लिहिलेली असते. लॉगशीट आणि हे रजिस्टर शेजारी ठेवलं की कोण खरं बोलतंय ते कळतं. आमच्या वेळी आम्हीही या रजिस्टराला वचकून असायचो.

कोपरी

राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द. जोडपत्र ‘अ’ म्हणजे अर्जाचा नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आवकमध्ये शिक्का मारलेली पोच. झालं. प्रस्तावना नको.

नेरूळ

आमच्याकडची गंमत वेगळी. नवी मुंबईतली रेल्वे स्टेशनं सिडको (राज्य सरकारचं महामंडळ) आणि रेल्वेने मिळून उभारलेली. गाडी, सिग्नल, लोकलचं तिकीट रेल्वेचं, पण स्टेशनच्या इमारतीतल्या गाळ्यांचा कागद सिडकोकडे. मला भुयारी मार्गातल्या पाणी उपसण्याच्या पंपाच्या देखभालीचा करार हवा होता. अर्ज करण्याआधी पंपावरची पाटी वाचली, त्यावर कोणाचं नाव आहे ते बघितलं, मगच पत्ता लिहिला. राज्यातल्या चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून राज्याच्या कार्यालयाला अर्ज केलात तर मात्र तो परत येतो आणि दहा रुपये गेले ते गेले. उलट, रेल्वेला कागदी अर्ज करताना कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावा. बेलापूर-पेंधर मेट्रोला रेल्वे समजू नका. ती सिडकोची, चालवते महामेट्रो.

घणसोली

बस ठेकेदाराची असेल तर ‘आमच्याकडे रेकॉर्ड नाही’ असं ऐकायला मिळतं. घाबरू नका. ठेकेदाराला पैसे किलोमीटरमागे मिळतात, म्हणजे त्याचं बिल आणि त्यातून कापलेला दंड परिवहनाच्या लेखा विभागात असतोच. तो मागा. एका परिवहन उपक्रमाने मला करारच ‘व्यापारी गोपनीयता’ म्हणून नाकारला होता. निविदा उघडून ठेका दिल्यावर कसली गोपनीयता? अपिलात दंडाची पानं मिळाली.

ऐरोली

सीसीटीव्ही फुटेज हवं असेल तर उत्तराच्या तीस दिवसांच्या मुदतीच्या भरवशावर बसू नका, जुनं पुसलं जातं. घटना घडली त्याच दिवशी वेगळं पत्र द्या : अमुक बस, अमुक वेळ, फुटेज जतन करून ठेवावं. बाकीच्या प्रवाशांचे चेहरे दिसतात म्हणून अर्ज फेटाळतातही. पोलिसांत तक्रार असेल तर पोलिसांमार्फतच मागवणं सोपं.

वर्तकनगर

वडील परिवहनात मेकॅनिक होते. ते गेल्यावर आईच्या पैशांचं घोडं एका नोंदीवर अडलं : मधल्या काही वर्षांची रजा सेवापुस्तकात लिहिलेली की नाही. कार्यालयात गेलं की ‘फाइल सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या’. शेवटी सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत मागितली, सोबत मृत्यूचा दाखला आणि आईची सही. तीस दिवस काहीच नाही. गप्प बसणं म्हणजेही नकार धरतात, म्हणून वीस रुपयांचा स्टॅम्प लावून जोडपत्र ‘ब’मध्ये पहिलं अपील केलं. सुनावणीला अपिलीय साहेबांनी समोरच फोन लावला आणि ‘सापडत नसलेली’ फाइल शिपाई दुपारपर्यंत घेऊन आला. मुदत उलटून गेल्यामुळे प्रती फुकट द्याव्या लागल्या.

रजेची नोंद होती, लाल शाईत, त्या वेळच्या फोरमनच्या सहीनिशी. ती प्रत जोडून आईचा अर्ज लेखा विभागात पुन्हा दिलाय. इथे निवृत्त मंडळी आहेत म्हणून विचारते, काका : अंशदान निधीचा हिशेब सेवापुस्तकात येतो, की त्याचं वेगळं खातेपुस्तक मागायचं?

कळवा

वेगळं असतं, पोरी. कर्मचारी क्रमांक घालून वर्षवार खाते-उतारा माग. अर्ज लेखा विभागाच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावे कर, डेपोच्या नको.