बाबांना कॉक्लिअर इम्प्लांट करावं का? वय ७१, नागपूर

मिहानवाला:
बाबांना दोन्ही कानांची मशीन लावून बरीच वर्षं झाली. आता फुल केली तरी म्हणतात 'आवाज येते पण काय बोलून राहिले ते समजत नाही'. फोन उचलतच नाहीत, लग्नात गेले की कोपऱ्यात खुर्ची धरून बसतात. एका ईएनटीने इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) सुचवलं तर मोठा भाऊ म्हणते या वयात डोक्याचं ऑपरेशन काहून, ते तर जन्मापासून बहिऱ्या पोरांसाठी असते न? कोणाला करायचं हे ठरवतात कसं?

धंतोली_ऑडिओ:
ऑडिओलॉजिस्ट आहे, ऐकण्याच्या तपासण्या करणं हेच काम, पण रिपोर्ट न बघता हो-नाही सांगणार नाही. पण वयाचं सोडा, भूल सोसेल अशी तब्येत असली की सत्तरी-ऐंशीतही करतात. आणि डोकं उघडत नाहीत हो, कानामागच्या हाडातून वाट काढून इलेक्ट्रोड, म्हणजे बारीक तार, कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानातल्या शंखात सरकवतात. ती ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे इशारे देते. खरा प्रश्न हा की नीट सेट केलेलं मशीन लावून, ओठ न बघता किती शब्द बरोबर सांगतात. ही स्पीच टेस्ट झाली का, आणि मराठीतून झाली का? नुसत्या ऑडिओग्रामवर (किती मोठा आवाज ऐकू येतो त्याच्या ग्राफवर) जाऊ नका, सारखाच ग्राफ असलेल्या दोघांत एक फोनवर गप्पा हाणतो अन् दुसऱ्याला 'पाणी' की 'राणी' कळत नाही. ढोबळ नियम असा की बऱ्या कानाला ऐकू यायला सरासरी ६० डेसिबल किंवा जास्त मोठा आवाज लागतो आणि मशीनशिवाय शब्द ६० टक्के किंवा कमी बरोबर येतात, तर इम्प्लांटच्या तपासणीला पाठवा. तपासणीला म्हटलं, ऑपरेशनला नाही! इंग्लंडमध्ये इम्प्लांटसाठी ९० डेसिबलपेक्षा मोठाच आवाज ऐकू येत असेल अशी अट होती, ती २०१९ ला ८० वर आणली, आपल्याकडे अजून पार ठार बहिरा झाल्यावरच लोक येतात.

सदरचा_बंटी:
कंपन्यांचा धंदा आहे बाप्पा. आधी कानातला मळ काढा, मशीनचा कानात बसणारा मोल्ड (साचा) ढिला आहे का बघा, आमच्या काकांचं तेच निघालं. लाखांत खर्च आहे अन् सरकारच्या एडिप योजनेतून (अपंगांना साधनं देणारी) इम्प्लांट मिळते ते लहान पोरांना.

कान_टवकारून:
बंटीभाऊ मळाचं बरोबर, पण नुसता धंदा आहे हे नाही. मला मोठेपणी मेंदूज्वर झाला, दोन्ही कान गेले. त्यात कॉक्लिया आतून हाडासारखी भरत जाऊ शकते, मग इलेक्ट्रोड आत जात नाही, म्हणून डॉक्टरांनी इम्प्लांटची घाई केली. स्विच-ऑनला, म्हणजे इम्प्लांट पहिल्यांदा चालू केलं तेव्हा, बायको बोलली तर पिपाणीवानी नुसतं चीं-चीं. मग रोज तिनं पेपर वाचायचा अन् मी ऐकून तसंच म्हणून दाखवायचं. आता फोन घेतो, बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत मात्र अजून पंचाईत होते. बाबा एवढा सराव करतील का ते आधी त्यांनाच विचारा.

मिहानवाला:
करतील, हट्टी आहेत. पण डाव्या कानाचं मशीन दोनेक वर्षांपासून कपाटातच आहे. मग कोणत्या कानाला करतील?

धंतोली_ऑडिओ:
ते एमआरआय अन् टेस्टनंतर. ऑपरेशनमध्ये त्या कानात उरलंसुरलं ऐकू येणं जाऊ शकतं, म्हणून बरेचदा कमजोर कान निवडतात आणि दुसऱ्यात मशीन चालू ठेवतात. कान वर्षानुवर्षं आवाजाविना पडून असेल तर रिझल्ट कमी येतो, दोन वर्षं म्हणजे फार नाही. ते कपाटातलं मशीन आधी दुरुस्त करून कानात घाला, टेस्टला येताना दोन्ही लागतील.